व्यत्ययाचा इतिहास : घरातला वायफाय आपली चाहूल कशी घेऊ लागला

सुरुवात एका जुन्या घरगुती दृश्यापासून करूया. दूरदर्शनच्या काळात एकजण गच्चीवर अँटेना फिरवायचा आणि खालून आवाज यायचा, "आलं, आलं... गेलं!" पुष्कळदा गंमत अशी व्हायची, की तो माणूस अँटेना धरून उभा असेपर्यंत चित्र स्वच्छ, बाजूला झाला, की पडद्यावर पुन्हा मुंग्या. आपण त्याला अँटेनाचा लहरीपणा म्हणत होतो. खरं म्हणजे माणसाच्या शरीरामुळे रेडिओ लहरींच्या वाटेत फरक पडत होता.

आजचा विषय तिथूनच सुरू होतो. घरातला वायफाय राउटर आता, कॅमेरा नसताना, खोलीत कोणी हललं का ते सांगू शकतो. हे एकाएकी घडलेलं नाही. ज्याला लोक बिघाड समजत होते, त्यालाच कोणीतरी माहिती म्हणून वाचायला लागलं, असा हा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

पहिलं नाव घ्यायचं ते ख्रिस्तियान ह्युल्समायर या जर्मन संशोधकाचं. 1904 साली कोलोनमध्ये ऱ्हाईन नदीवरच्या पुलाजवळ त्याने एक यंत्र दाखवलं. नदीतल्या बोटीवर आपटून रेडिओ लहर परत आली, की यंत्रातली घंटा वाजायची. धुक्यात जहाजांची टक्कर टळावी, हा त्याचा हेतू. पण जहाज कंपन्यांनी आणि आरमाराने फारसा रस घेतला नाही. यंत्र मागे पडलं.

पुढचा प्रसंग रशियातला. 1920च्या सुमारास पेट्रोग्राडमध्ये लेव्ह तेरमेन हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ वायूंचे गुणधर्म मोजत होता. हात जवळ नेला, की उपकरणाचा सूर बदलतो, हे त्याच्या लक्षात आलं. मोजमापाच्या दृष्टीने हा दोषच. तेरमेनने त्यातून दोन गोष्टी घडवल्या : स्पर्श न करता वाजणारं वाद्य, आणि माणूस जवळ आला की इशारा देणारं राखणदार यंत्र. म्हणजे बघा, संगीत आणि पाळत ही एकाच पोटची भावंडं.

1922 मध्ये वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीकाठी अमेरिकी आरमाराचे टेलर आणि यंग रेडिओ संदेशांचे प्रयोग करत होते. मध्येच डॉर्चेस्टर नावाची लाकडी बोट गेली आणि ग्रहण केलेला संदेश कमी-जास्त होऊ लागला. शत्रूची जहाजं ओळखायला हे वापरता येईल, असं टेलरने वरिष्ठांना कळवलं. त्या वेळी काही हाललं नाही.

आता या इतिहासातला आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा दिवस : 26 फेब्रुवारी 1935. विमानांमुळे रेडिओ ग्रहणात थरथर येते, ही टपाल खात्याच्या अभियंत्यांची तक्रार ब्रिटनमधल्या अर्नोल्ड विल्किन्सच्या लक्षात राहिली होती. त्याने आणि रॉबर्ट वॉटसन-वॉटने डॅव्हेंट्रीजवळच्या एका शेतात गाडीत ग्राहक यंत्र ठेवलं. हेफर्ड जातीचं एक बॉम्बफेकी विमान ये-जा करत होतं, आणि त्याची चाहूल सुमारे 13 किलोमीटरपर्यंत लागली. यातूनच ब्रिटिश रडार उभं राहिलं. पण लहरी कोणाच्या होत्या? या दोघांनी प्रक्षेपक आणलाच नव्हता! लहरी होत्या बीबीसीच्या, कार्यक्रम प्रसारित करण्यासाठीच्या. दुसऱ्याने दुसऱ्याच कामासाठी सोडलेल्या लहरी ऐकूनही हालचाल कळते, हे तिथे सिद्ध झालं. ही गोष्ट जरा लक्षात ठेवूया.

रडार घरात यायला अर्धशतक लागलं, आणि तेही रडार म्हणून आलं नाही. 1985 मध्ये अमेरिकेने काही लहरपट्टे विनापरवाना दळणवळणासाठी खुले केले. त्यातला एक 2.4 गिगाहर्ट्झचा. 1997 मध्ये बिनतारी जाळ्यांचं पहिलं प्रमाणक आलं, 1999 मध्ये 'वायफाय' हे नाव. या पट्ट्यातल्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे आपली एक वीतही नाही.

घरात ही लहर एका वाटेने जात नाही. भिंत, कपाट, फरशी, आपण स्वतः, अशा सगळ्यांवरून परावर्तित होऊन ती ग्राहकापर्यंत पोचते. या सर्व वाटांची बेरीज-वजाबाकी होऊन संदेश बनतो. आपण एक पाऊल सरकलो, तरी बेरीज बदलते. संदेश नीट वाचायचा, तर या खोलीने लहर किती बिघडवली याचा अंदाज यंत्राला सतत घ्यावा लागतो. म्हणजे काय, तर खोलीतल्या हालचालीचा ठसा वायफायकडे आधीपासूनच होता. इंटरनेट पोचवलं, की तो फेकून दिला जायचा.

मग कोणीतरी तो फेकायचा थांबला. 2009च्या सुमारास युटा विद्यापीठात निल पटवारी आणि जोई विल्सन यांनी घराभोवती 34 छोटी रेडिओ यंत्रं मांडून भिंतीपलीकडच्या माणसाचा माग काढला. ती वायफायची नव्हती, पण वाट दाखवून गेली. 2011 मध्ये इंटेलच्या साध्या वायफाय कार्डातून हा ठसा बाहेर काढणारं साधन संशोधकांसाठी खुलं झालं. 2013 मध्ये एमआयटीत फादेल अदीब आणि दिना कताबी यांनी वायफायच्या लहरींनी भिंतीआडची हालचाल टिपून दाखवली. पंखा, पडदा, मांजर हेही हलतातच. त्यामुळे चुका होतात. तरी 2020 मध्ये प्रमाणक बनवणाऱ्या संस्थेने यासाठी स्वतंत्र गट नेमला आणि 2025 मध्ये वायफायने जाणून घेण्याचं प्रमाणक प्रसिद्ध झालं. जी गोष्ट कचरा होती, ती आता वैशिष्ट्य झाली.

यात वाईट काय? एक घर डोळ्यांसमोर आणूया. पुण्यात ऐंशीचे आजोबा एकटे, मुलगी अमेरिकेत. न्हाणीघरात कॅमेरा त्यांना चालणार नाही, आणि घसरायची भीती तर तिथेच. वायफायने मुलीला कळलं, की बाबा सकाळपासून हललेले नाहीत, तर जीव वाचेल. पण त्याच यंत्राला हेही कळतं, की बाबा रात्री तीनदा उठले, आणि घरकामाच्या मावशी दुपारी अर्धा तास टेकल्या. मावशींना कोणी विचारलं?

आणि डॅव्हेंट्री आठवा. 2020 मध्ये शिकागो आणि सांता बार्बरा इथल्या संशोधकांनी दाखवलं, की घराबाहेर उभा राहिलेला माणूस, आतल्या वायफाय यंत्रांच्या लहरी नुसत्या ऐकून, आत कोणत्या खोलीत हालचाल आहे ते ओळखू शकतो. प्रक्षेपक आपला, वीजबिल आपलं, ऐकणारा दुसराच.

कायद्याचं काय? अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये कायलो खटल्यात ठरवलं, की वॉरंटशिवाय घराबाहेरून उष्णता टिपणारं यंत्र लावून पोलिसांनी आतलं जाणून घेणं बेकायदा झडती आहे. पण त्या निकालात एक अट होती : ते यंत्र सर्वसामान्य वापरातलं नव्हतं. वायफाय तर घरोघरी आहे! आपल्याकडे 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. 2023चा विदा संरक्षण कायदा आला, पण व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर आहे. म्हणजे घरातल्याच माणसाने घरातल्यांवर ठेवलेली पाळत तिथे बसत नाही.

ह्युल्समायरची घंटा वाजायची, तेव्हा पुलावरच्या सगळ्यांना ऐकू यायची. आजची घंटा दूरच्या एका फोनमध्ये वाजते. ज्याच्यामुळे वाजली, त्याला पत्ता नसतो. तेव्हा नवा राउटर घेताना आपण वेगाबरोबर आणखी तीन गोष्टी विचारूया : ही सोय बंद करता येते का, नोंद घरातच राहते की बाहेर जाते, आणि घरात वावरणाऱ्या प्रत्येकाला हे सांगितलंय का. यातला तिसरा प्रश्न दुकानदाराला नाही, आपल्याला स्वतःलाच विचारायचा आहे.