नापास झालेल्या माणसाची याचिका

दोन-तीन वीकेंड काहीच लिहिलं नाही. रिलीजच्या गडबडीत शनिवार-रविवार कधी येतात आणि कधी जातात तेच कळत नव्हतं. मागच्या शुक्रवारी मात्र सरळ बॅग उचलली आणि पुण्याहून नाशिकला घरी आलो.

शनिवारी संध्याकाळी मामा आणि मामेबहीण जेवायला आले होते. बहीण एमबीबीएस करतेय. तिला सोडायला म्हणून दिंडोरी रोडने निघालो तर म्हसरूळला आरोग्य विद्यापीठाचं गेट लागलं. "हे बघ, आमचं नशीब इथून निघतं," ती म्हणाली. खरंच आहे ते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली नाशकात सुरू झालं आणि त्याच्याशी संलग्न असलेल्या राज्यभरातल्या मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग कॉलेजांच्या परीक्षा इथून चालतात. आम्ही नाशिककर द्राक्षं, कांदे आणि कुंभमेळ्याबद्दल छाती काढून बोलतो, पण गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतचा डॉक्टर पास की नापास हे आपल्या गावात ठरतं याचं कुणाला विशेष काही वाटत नाही.

मग विषय निघाला पेपरफुटीचा. डिसेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या वर्षाचा फार्माकॉलॉजीचा पेपर फुटला म्हणून विद्यापीठाने तो रद्द करून पुन्हा घेतला होता. बहीण तावातावाने बोलत होती. मामा मागच्या सीटवर शांत बसले होते, आणि एकदम म्हणाले, "अरे, याच्यावरून मुख्यमंत्री घरी गेलाय आपल्याकडे. निलंगेकर. एमडीच्या मार्कांवरून."

आम्हा दोघांच्याही चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह! शिवाजीराव पाटील निलंगेकर हे नाव माहीत होतं, ते २०२० मध्ये वारले तेव्हा बातम्याही वाचल्या होत्या. पण एमडीचे मार्क? रविवारी सकाळी चहा घेऊन लॅपटॉप उघडला तो सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचून संपेपर्यंत मिटला नाही. (आईने दोनदा पोह्यांसाठी हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही.) त्यातून जे समजलं ते लिहितोय.

निलंगेकर जून १९८५ मध्ये मुख्यमंत्री झाले. त्या वर्षाच्या अखेरीस मुंबई विद्यापीठाची एमडीची परीक्षा झाली. विषय स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र. परीक्षेला बसलेल्यांत मुख्यमंत्र्यांची मुलगी होती. याआधीच्या प्रयत्नांत तिला यश आलं नव्हतं, यावेळी ती पास झाली. त्याच परीक्षेला डॉ. महेश माधव गोसावी नावाचे एक डॉक्टर बसले होते. ते नापास झाले.

डॉ. गोसावी हायकोर्टात गेले. त्यांचं म्हणणं असं की मुख्यमंत्र्यांच्या मुलीला पास करण्यासाठी गुणपत्रकातल्या नोंदी बदलण्यात आल्या आहेत. आता हे डोळ्यांसमोर आणून बघा. नापास झालेला एक तरुण डॉक्टर, समोर राज्याचा मुख्यमंत्री आणि १८५७ सालचं जुनं नामांकित विद्यापीठ. त्यात वैद्यकीय क्षेत्र म्हणजे परीक्षक, विभागप्रमुख, पुढची नोकरी सगळं एकाच छोट्याशा वर्तुळात फिरणारं. याचिका केल्यावर पुढच्या वर्षी त्याच विषयाची परीक्षा द्यायची तर बहुधा त्याच लोकांसमोर! मी त्याच्या जागी असतो तर गपचूप पुन्हा फॉर्म भरला असता.

कोर्टाने कागद मागवले. गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) पुरावा कागदावरच होता. आम्ही डेटाबेसवाले लोक ऑडिट ट्रेलच्या नावाने मीटिंगा घेतो, पण शाईने लिहिलेल्या नोंदीवर दुसऱ्यांदा पेन फिरवलं की ते दिसतंच. एकल न्यायमूर्तींनी निष्कर्ष काढला की फेरफार झाला, तो मुख्य परीक्षकांनी केला, आणि मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून केला. मार्च १९८६ मध्ये निलंगेकरांनी राजीनामा दिला. जेमतेम नऊ महिन्यांची कारकीर्द. त्यांच्यानंतर शंकरराव चव्हाण आले.

मुंबई हायकोर्टाच्या निकालामुळे चार-पाच वर्षांत मुख्यमंत्री जाण्याची ही दुसरी वेळ होती. जानेवारी १९८२ मध्ये सिमेंटच्या प्रकरणात बॅरिस्टर अंतुले असेच गेले होते. पण सिमेंट म्हणजे कोट्यवधींची उलाढाल, देणग्या, ट्रस्ट. इथे काय, तर एका गुणपत्रकावरच्या चार-दोन नोंदी. मला आधी वाटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी? मग तारखा नीट पाहिल्या. १९८६च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले होते. हॉस्पिटलमधल्या कागदावर कोण डोळे झाकून सही करतं आणि त्याने माणसं कशी मरतात, हे तेव्हा रोजच्या पेपरात येत होतं. प्रसूतिशास्त्राच्या एमडीची सही ही काही साधी सही नाही.

पुढचा भाग निलंगेकरांच्या बाजूनेही सांगितला पाहिजे, कारण गप्पांमध्ये तो कुणी सांगत नाही. प्रकरण हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाकडे गेलं. जून १९८६ मध्ये खंडपीठ म्हणालं की फेरफार झाला हे खरं, पण तो मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून झाला असं ठामपणे म्हणण्याइतका थेट पुरावा नाही. तरीही खंडपीठाने त्यांच्याबद्दल प्रतिकूल शेरे मारलेच. ते शेरे काढून टाकावेत म्हणून निलंगेकर सुप्रीम कोर्टात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये न्या. सब्यसाची मुखर्जी यांनी लिहिलेल्या निकालात ते शेरे कायम राहिले. त्याच निकालात सार्वजनिक जीवनातली नीती कशी घसरत चाललीय यावर एक परिच्छेद आहे, आणि मूल्यांमधलं प्रदूषण हे हवा-पाण्याच्या प्रदूषणाइतकंच घातक आहे अशा अर्थाचं एक वाक्य. वकील मंडळी ते अजून उद्धृत करतात. निलंगेकर राजकारणात राहिले, निवडून येत राहिले, पुढे मंत्रीही झाले. असो.

मला अडकवलं ते दुसऱ्याच एका मुद्द्याने. डॉ. गोसावींविरुद्धचं सगळ्यात सोपं उत्तर काय असणार? "तू नापास झालास म्हणून बोंबलतोयस." याचिका स्वतःच्या फायद्यासाठी आहे, यात कसलं आलंय जनहित? सुप्रीम कोर्टाने यावर काय म्हटलं, तर याचिका खासगी हितासाठी केलेली असली तरी कोर्टाला त्या कारभाराची चौकशी करणं न्यायाच्या दृष्टीने गरजेचं वाटलं, तर ती जनहिताची म्हणून हाताळता येते. म्हणजे तक्रार करणाऱ्याचा हेतू कितीही आपमतलबी असो, कागदावर जे घडलंय ते घडलंय. ते तपासायचं की नाही हे त्याच्या मार्कांवरून ठरत नाही. चाळीस वर्षं होत आली, पण देशभरातल्या कोर्टांत हा निकाल याच मुद्द्यासाठी पुढे केला जातो.

हे वाचून मी लॅपटॉपसमोर थोडा वेळ नुसता बसून राहिलो. कारण मला आमचं फर्स्ट इयर आठवलं.

ज्यांनी इंजिनिअरिंग केलंय त्यांना 'जीटी' म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी: जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. इंजिनिअरिंग ड्रॉइंगची शीट स्वतः काढायला चार-पाच तास लागतात. म्हणून दोन खुर्च्यांवर एक काच ठेवायची, खाली ट्यूबलाइट किंवा टेबल लॅम्प, काचेवर दुसऱ्याची पूर्ण झालेली शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि मार पेन्सिल. पाऊण तासात काम तमाम. हॉस्टेलमध्ये ती काच भाड्याने मिळायची (खोटं नाही, एका वडापाववर). याला चोरी म्हणतात हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही नव्हतं. शाळेत गोपाळ कृष्ण गोखल्यांची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली, सगळी गणितं बरोबर आली म्हणून बक्षीस मिळतं आणि छोटा गोखले रडत सांगतो की एक गणित मी दुसऱ्याच्या मदतीने सोडवलंय. ती गोष्ट ऐकून आम्ही मोठे झालो आणि थेट काचेवर येऊन बसलो.

आमच्या बॅचला एक मुलगा होता, नाव नको. तो स्वतः शीट काढायचा. थोडी खोडाखोड, थोडे डाग, पण स्वतःची. त्याला टर्मवर्कला २५ पैकी १७ मिळाले. ज्यांनी त्याच्याच शीटवरून जीटी मारली होती त्यांना २१, २२. सबमिशनला स्वच्छ शीट छान दिसते, साहजिक आहे. तो विभागप्रमुखांकडे गेला, सगळ्या शीट एकमेकींवर ठेवून बघा म्हणाला. सगळ्यांच्या शीटवर सारखीच चूक एकाच ठिकाणी सापडली असती, अगदी सरळ तपासणी होती. ती कुणी केली नाही. सरांनी त्याला विचारलं, "तुला किती मिळाले?" तो म्हणाला १७. सर नुसते हसले.

बाहेर आल्यावर आम्ही कॅन्टीनमध्ये तेच विचारलं, जरा मोठ्याने. "तुला बावीस मिळाले असते तर गेला असतास का रे?" वर्षभर तो आमच्यासाठी 'सतरा' होता. ही कॅन्टीनमधली लाइन मारणारा मीच. आणि मला किती मिळाले होते हे तुम्ही ओळखलं असेलच.

त्याला काही हायकोर्टात जायचं नव्हतं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की कागद तपासा.

मामांनी विषय काढल्यापासून मी जुनी प्रकरणं वाचत सुटलोय. १९८२ सालीच महाराष्ट्राने परीक्षांमधल्या गैरप्रकारांविरुद्ध कायदा केला होता, म्हणजे निलंगेकर प्रकरणाच्याही आधी. तरी १९९९ मध्ये नागपूर विद्यापीठातला पुनर्मूल्यांकनाचा घोटाळा बाहेर आला. मे २०१७ मध्ये औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) पोलिसांनी एका नगरसेवकाच्या घरावर छापा टाकला, तर तिथे सिव्हिल इंजिनिअरिंगचे पंचविसाहून जास्त विद्यार्थी बसून सकाळी दिलेला पेपर रात्री पुन्हा लिहीत होते, विद्यापीठाच्याच उत्तरपत्रिकांवर. माझं स्वतःचं इंजिनिअरिंग तेव्हा चालू होतं आणि आमच्या ग्रुपवर त्या बातमीवर फक्त विनोद फिरले. या दोन्ही ठिकाणी, आणि १९८५ मध्येही, खरा खेळ झाला तो परीक्षेची वेळ संपल्यानंतर. आपण मात्र कॉपी म्हटलं की बाहीतली चिठ्ठी आणि खिडकीवर चढलेले नातेवाईक एवढंच बघतो. भरारी पथकही वर्गातच येतं.

आणि २०२४ची नीट. ६७ जणांना ७२० पैकी ७२० मिळाले, १,५६३ जणांना वेळ वाया गेल्याबद्दल वाढीव गुण दिले गेले होते. हे आकडे मांडून आरडाओरड कुणी केली? ज्यांना ६४०-६५० मिळूनही सरकारी कॉलेजची सीट दिसत नव्हती त्या मुलांनी आणि त्यांच्या आई-बापांनी. तेव्हाही टीव्हीवर लोक म्हणत होते की कमी मार्क पडले म्हणून रडतायत. मग वाढीव गुण रद्द झाले, पैकीच्या पैकीवाले शेवटी १७ उरले, सीबीआयचा तपास सुरू झाला, त्याचे धागे लातूरपर्यंत आले (निलंगा लातूर जिल्ह्यातच, हा निव्वळ योगायोग). संपूर्ण परीक्षा रद्द करायला मात्र जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने नकार दिला, कारण गडबड देशभर पसरलेली होती असं पुराव्यांतून दिसलं नाही. तो निर्णय पटो न पटो, कागद निदान तपासले गेले.

रविवारी दुपारी मी त्या 'सतरा'ला फोन केला. चार वर्षांनी बोललो असू. तो आता चाकणला एका कंपनीत डिझाइनला आहे, कॅडवर दिवसभर तेच करतो जे तेव्हा पेन्सिलने करायचा. इकडचं तिकडचं झाल्यावर मी जीटीचा विषय काढला आणि चुकलं म्हणालो. तो क्षणभर गप्प बसला, मग हसायला लागला.

"अरे, तुला माहितीये का, त्या शीटमधला सायक्लॉइड मी चुकवला होता. एक भाग कमी घेतला होता. तू तोही तसाच काढलास."

नाही, माहीत नव्हतं. सरांनाही दिसला नव्हता. घरी माळ्यावर ती शीट अजून गुंडाळून ठेवलेली आहे, उद्या निघायच्या आधी काढून बघतो.