दट्ट्यावरच्या वजनाचा हिशेब

बॉयलरवरचा काटा, ऑक्सिजनच्या सिलिंडरवरचा काटा, टायरमध्ये हवा भरतानाचा काटा. आपण त्या तबकडीकडे बघतो आणि निश्चिंत होतो. पण तो काटा खरे बोलतो आहे, हे कोण ठरवते? त्याची कथा मोठी रंजक आहे.

पॅरिसच्या यूजीन बूर्दाँ यांनी १८४९ साली या तबकडीचे पेटंट घेतले. तिच्यात एक वाकवलेली चपटी पोकळ नळी असते. दाब वाढला की नळी सरळ होऊ पाहते आणि काटा सरकतो. मात्र वापराने धातू थकतो, काटा चुकू लागतो. म्हणून त्याची अधूनमधून पक्क्या मापाशी पडताळणी करावी लागते. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात.

पूर्वी हे पक्के माप म्हणजे पाऱ्याचा स्तंभ. एका वातावरणाच्या दाबाला ७६० मिलिमीटर पारा पुरतो. पण शेकडो वातावरणांसाठी स्तंभ उभारायचा कुठे? एमिल आमागा या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७९ साली सेंत-एतिएनजवळच्या कोळशाच्या खाणीत ३०० मीटरहून लांब नळी सोडली आणि सुमारे ४३० वातावरणांपर्यंत दाब मोजला. त्याहून खोल खाण शोधत बसण्यापेक्षा त्यांनी पुढे वेगळी वाट धरली. नळकांड्यात चपखल बसणारा मोकळा दट्ट्या घ्यायचा, खालून द्रवाचा दाब द्यायचा आणि वरच्या बळाने तो तोलून धरायचा. बळाला दट्ट्याच्या क्षेत्रफळाने भागले की दाब मिळाला! दट्ट्याभोवतीची फट बंद करायला त्यांनी चामडे न वापरता एरंडेल आणि काकवीसारखे दाट द्रव वापरले. या यंत्राने त्यांनी ३००० वातावरणांपर्यंत मजल मारली.

आजच्या कारखान्यांतला ‘डेड वेट टेस्टर’ याच कुळातला. चकत्या ठेवायच्या, घर्षण अडू नये म्हणून दट्ट्या हलकेच फिरवायचा आणि काटा वाचायचा. पण हा भागाकार दिसतो तितका सरळ नाही.

पहिली गोष्ट गुरुत्वाकर्षणाची. १९०१ साली त्याचे प्रमाणमूल्य ९.८०६६५ ठरले. मुंबईत ते ९.७८६ च्या आसपास आहे. त्यामुळे प्रमाणमूल्य धरून ‘१०० बार’ असा शिक्का मारलेल्या चकत्या मुंबईत सुमारे ९९.८ बारच दाब देतात. दुसरी गोष्ट हवेची. पाण्यात बादली हलकी लागते, तशी हवाही चकत्यांना किंचित उचलते. पोलादी चकत्यांच्या बाबतीत लाखात सुमारे १५ भाग. तिसरी उष्णतेची. पोलादी दट्ट्या आणि नळकांडे तापले की दर अंशाला क्षेत्रफळ लाखात दोनएक भागांनी वाढते आणि तेवढा दाब घटतो. चौथी पातळीची. काटा दट्ट्याच्या तळापेक्षा १० सेंटिमीटर खाली असेल, तर मधल्या तेलाचा दाब मिळवावा लागतो. १०० बारला तो नगण्य वाटेल, पण १० बारच्या काट्याला हजारात जवळजवळ एक भाग भरतो.

सर्वांत अवघड पाचवी गोष्ट. प्रचंड दाबाखाली नळकांडेच फुगते, फट रुंदावते आणि ज्या क्षेत्रफळाने भागायचे तेच बदलते. अमेरिकेत हार्वर्डचे पर्सी ब्रिजमन यांनी यावर तोड काढली. नळकांड्याला बाहेरूनही दाब मिळेल अशी रचना त्यांनी केली, म्हणजे आतून फुगणे आटोक्यात राहते. शून्य अंश सेल्सिअसला पारा किती दाबाखाली गोठतो हे त्यांनी मोजले. उत्तर आले दर चौरस सेंटिमीटरला ७६४० किलोग्रॅम. इतरांना आपापली यंत्रे पडताळायला एक खूण मिळाली. उच्च दाबाच्या संशोधनासाठी ब्रिजमन यांना १९४६ चे नोबेल पारितोषिक लाभले. तरीही नंतरच्या अधिक काटेकोर मोजणीत हाच आकडा सुमारे ७७१८ निघाला. एवढ्या निष्णात हातूनही एक टक्का फरक राहिला होता.

म्हणूनच चकतीवरच्या शिक्क्यावर विसंबून चालत नाही. एका गावी पडताळलेले यंत्र दुसऱ्या गावी नेले, तर गुरुत्वाकर्षणाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. आपल्या कारखान्यातला काटा तपासून आला की दाखल्यावरच्या सहीइतकेच आणखी तीन आकडे बघावेत: तिथले गुरुत्वाकर्षण, त्या वेळचे तापमान आणि दट्ट्या व काटा यांच्या पातळीतला फरक. ते नसतील, तर ते विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.