चिपी ते नांदेड विमानाने १ तास १० मिनिटं? हा आकडा येतो कुठून?

गेल्या वर्षी मामेबहिणीला नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ॲडमिशनसाठी कागदपत्रं घेऊन हजर राहायचं होतं. धामापूरहून मामाचा फोन आला, "अरे, मोबाईलवर चिपी ते नांदेड एक तास दहा मिनिटं दाखवतंय. मगे आदल्या दिवशी कित्याक जावक व्हया?"

मामाने बघितलेला आकडा खोटा नव्हता. पण ते विमानाचं टाइमटेबल नव्हतं, नुसतं गणित होतं.

अंतर कसं काढतात?

अशा साइट्स दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतात आणि पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरचं सगळ्यात कमी अंतर काढतात. याला ग्रेट सर्कल अंतर म्हणतात. तुम्हीही करून बघा. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये विमानतळावर बोट दाबून धरलं की हे आकडे मिळतात.

- सिंधुदुर्ग (चिपी): १६.० उत्तर, ७३.५ पूर्व
- नांदेड: १९.२ उत्तर, ७७.३ पूर्व

अक्षांशातला फरक ३.२ अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११ किमी, म्हणून ३५५ किमी. रेखांशातला फरक ३.८ अंश. आपल्या भागात रेखांशाचा एक अंश सुमारे १०६ किमी भरतो, म्हणून ४०३ किमी. आता शाळेतला पायथागोरस: दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर ५३७ किमी. हॅवरसाइन सूत्राने नेमकं काढलं तर साधारण ५३५ येतं.

आणि वेळ?

बऱ्याच साइट्स मोठ्या जेटचा ताशी ८०० किमीच्या आसपासचा वेग धरतात आणि टेकऑफ-लँडिंगची ३० मिनिटं मिळवतात. ४० अधिक ३०, झाले १ तास १० मिनिटं!

पण छोट्या विमानतळांवर बऱ्याचदा एटीआर ७२ सारखं पंख्याचं विमान येतं. ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपी सुरू झालं तेव्हा मुंबईहून अलायन्स एअरचं एटीआरच आलं होतं. त्याचा वेग ताशी ५०० किमीच्या आसपास. त्या हिशोबाने १ तास ३५ मिनिटं होतात.

खरी मेख

गणिताला दोन बिंदू पुरतात, प्रवासाला फ्लाइट लागते. 'उडान' योजनेत एप्रिल २०१७ मध्ये नांदेड-हैदराबाद सुरू झालं, नंतर चिपी-मुंबई. दोन्ही गावं विमानाच्या नकाशावर आली, पण आम्हाला हव्या त्या तारखेला चिपी-नांदेड थेट विमान नव्हतंच.

घराजवळचंच बघा ना. धामापूरहून चिपी सरळ रेषेत जेमतेम ८ किमी. पण मधे कर्ली नदी आहे, नेरूरपारच्या पुलावरून वळसा घ्यावाच लागतो.

म्हणून तिकीट काढण्याआधी

१. विमान कंपनीच्या साइटवर तुमची तारीख टाकून थेट फ्लाइट आहे का बघा.
२. विमान कोणतं आहे ते तपासा.
३. घर ते विमानतळ, दोन तास आधी पोचणं आणि पुढचा रस्ता, सगळं मिळवा.

शेवटी मामा आणि बहीण दोन दिवस आधीच निघाले. कुडाळहून कोकणकन्या, मग मुंबईहून तपोवन. जवळपास एक दिवस लागला, पण कागदपत्रं वेळेत जमा झाली. फोनच्या भरवशावर त्याच सकाळी निघाले असते, तर सीट गेली असती.