गणपतराव आंदळकर

गणपतराव आंदळकर (१५ एप्रिल १९३५ – १६ सप्टेंबर २०१८) हे हिंदकेसरी किताबाचे मानकरी, ऑलिंपिकपटू आणि कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीतील नामांकित वस्ताद होते. १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांनी कुस्तीच्या दोन शैलींत पदके मिळविली. आखाड्यातून निवृत्त झाल्यानंतर त्यांनी मल्लांच्या पुढील पिढ्या घडविल्या.

पार्श्वभूमी

आंदळकरांचा जन्म सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यात पुनवत या गावी झाला. कुस्तीसाठी ते तरुणपणी कोल्हापुरास आले. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला राजाश्रय दिला होता आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभारले होते. संस्थान विलीन झाल्यावर राजाश्रय संपला, तरी तालमी टिकून राहिल्या. गावोगावचे होतकरू मल्ल तेथेच राहत, स्वतःच्या हाताने स्वयंपाक करीत आणि वस्तादांच्या नजरेखाली मेहनत करीत. राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी असलेल्या खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे ऑलिंपिक कांस्यपदक जिंकल्यानंतर या परंपरेला जागतिक स्पर्धांची वाट दिसू लागली होती.

कुस्तीतील कारकीर्द

१९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे यांनी हिंदकेसरी किताब जिंकला. पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, तो मान आंदळकरांना मिळाला. लागोपाठ दोन वर्षे हा किताब कोल्हापूरच्या तालमींत तयार झालेल्या मल्लांकडे राहिला.

१९६२ मध्ये जकार्ता येथे त्यांनी सर्वांत वरच्या वजनगटात ग्रीको-रोमन शैलीचे सुवर्णपदक आणि मुक्त शैलीचे रौप्यपदक पटकावले. त्याच स्पर्धेत सांगली जिल्ह्यातीलच मारुती माने यांनी त्याखालच्या वजनगटात मुक्त शैलीत सुवर्ण, तर ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळविले. आंदळकरांच्या सुवर्णपदकाचे महत्त्व शैलीच्या नियमांवरून ध्यानात येते. ग्रीको-रोमन कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला कमरेखाली धरता येत नाही आणि डावासाठी पायांचा उपयोग करता येत नाही. मातीतल्या कुस्तीत मात्र पट काढणे, एकलंगी, ढाक अशा अनेक डावांचा आधार पायच असतो. शिवाय मातीत प्रतिस्पर्ध्याला चीतपट केल्यावर कुस्ती निकाली होते; गादीवर ठरावीक वेळ आणि गुण यांचा हिशेब असतो. मातीत वाढलेल्या मल्लाने हे अपरिचित बंधन स्वीकारून आशियात पहिला क्रमांक मिळविला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ते दोन्ही शैलींत उतरले.

वस्ताद म्हणून कार्य

निवृत्तीनंतर आंदळकरांनी मोतीबाग तालमीत वस्तादकी केली. वस्ताद हा केवळ डावपेच शिकविणारा प्रशिक्षक नसतो. पहाटेचे जोर-बैठका, आखाड्यातील लढत, खुराक, विश्रांती आणि वर्तणूक या सर्वांवर त्याचे लक्ष असते. कोणाची जोड कोणाशी लावावी आणि कोणत्या मल्लाला मैदानात कधी उतरवावे, हा निर्णयही त्याचाच असतो. घाईने लावलेली एक जोड उमद्या मल्लाची उमेद खचवू शकते. म्हणून वस्तादाचा संयम शिष्याच्या बळाइतकाच मोलाचा मानला जातो.

महाराष्ट्र केसरी ठरलेले चंबा मुत्नाळ, दादू चौगुले आणि विष्णू जोशीलकर यांची गणना त्यांच्या शिष्यांत होते. चौगुले यांनी १९७० आणि १९७१ अशी दोन वर्षे महाराष्ट्र केसरी किताब राखला आणि १९७४ च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत रौप्यपदक जिंकले. मातीतून गादीकडे जाण्याची जी वाट गुरूने चोखाळली होती, तीच शिष्यानेही चालून दाखविली. पुढे चौगुले स्वतः वस्ताद झाले आणि त्यांचे पुत्र विनोद चौगुले हिंदकेसरी झाले.

सन्मान

भारत सरकारने आंदळकरांना अर्जुन पुरस्काराने, तर महाराष्ट्र शासनाने शिवछत्रपती पुरस्काराने गौरविले.

निधन आणि वारसा

१६ सप्टेंबर २०१८ रोजी पुणे येथे वयाच्या ८३ व्या वर्षी आंदळकरांचे निधन झाले. त्याच महिन्यात दादू चौगुले यांना खेळातील आजीवन योगदानाबद्दलचा ध्यानचंद पुरस्कार प्रदान करण्यात आला. शिष्याचा हा गौरव पाहण्यास गुरू हयात नव्हते. ऑक्टोबर २०१९ मध्ये चौगुले यांचेही निधन झाले.

वस्तादाच्या कामाची नोंद पदकतालिकेत होत नाही. ती शिष्यांच्या आणि त्यांच्याही शिष्यांच्या कुस्तीत राहते. आंदळकरांच्या बाबतीत ही नोंद मोतीबाग तालमीच्या तीन पिढ्यांत आढळते.