भाकर, पाव आणि ब्रेड

धुळे जिल्ह्यातील एका खेड्यात ख्रिस्तयाग आटोपल्यावर एका आजींनी मला विचारले, “फादर, प्रार्थनेत आपण भाकर मागतो, मग वेदीवर भाकर का नसते?” सेमिनरीत शिकलेले उत्तर माझ्यापाशी तयार होते. 1983 च्या कॅनन लॉचे 924 वे कलम सांगते की, ख्रिस्तशरीरासाठी निव्वळ गव्हाचीच भाकर हवी. आजी हसल्या. “गव्हाची ती पोळी, फादर. भाकर ज्वारीची.”

चूक माझीच होती. खानदेशात भाकर ज्वारीची असते, बाजरीची असते, ज्वारी-उडदाच्या कळण्याची असते. गहू तव्यावर पडला की तिची पोळी होते, खापरावर पडला तर मांडा. मी भाकर म्हणत होतो, पण माझ्या डोक्यात इंग्रजी ‘ब्रेड’ होता. आमची पिढी धर्मशास्त्र इंग्रजीतून शिकली, त्याचा हा परिणाम. तेव्हापासून या ‘ब्रेड’चे कूळ शोधण्याचा मला नाद लागला.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत रोटीला ‘ह्लाफ’ म्हणत. आजचा ‘लोफ’ तो हाच. ‘ब्रेड’ या शब्दाचा त्या काळचा अर्थ तुकडा किंवा घास असा होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे तुकड्याच्या नावानेच सबंध पदार्थ ओळखला जाऊ लागला आणि ‘लोफ’कडे केवळ आकार उरला. याहून मौजेची गोष्ट ‘लॉर्ड’ या शब्दाची. त्याचे मूळ ‘ह्लाफवेअर्द’, म्हणजे रोटीचा राखणदार. आणि ‘लेडी’ म्हणजे रोटीचे पीठ मळणारी. ज्या शब्दाने इंग्रज प्रभूला हाक मारतात तो असा चुलीपाशी जन्मलेला आहे, हे मला सेमिनरीत कुणी सांगितले नव्हते. आपल्या मराठीत दाराशी आलेल्याला आपण ‘भाकरतुकडा’ देतो. रोटी आणि तिचा तुकडा, म्हणजे इंग्रजीतले ते दोन्ही जुने शब्द, आपल्या एका जोडशब्दात शेजारी बसले आहेत.

‘पाव’ मात्र वेगळ्या वाटेने आला. पायाने मळतात म्हणून पाव, किंवा चौथा हिस्सा म्हणून पाव, या व्युत्पत्ती ऐकण्यापुरत्याच ठीक आहेत. हा शब्द पोर्तुगीजांचा ‘पांव’ आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘पानिस’. 1534 ते 1739 या काळात वसई पोर्तुगीजांकडे होती. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी पिणारे बाटले, अशा कथा गोव्यात व उत्तर कोकणात अजून सांगितल्या जातात. त्या कितपत खऱ्या हा प्रश्न वेगळा. पण पाव हे परक्याचे आणि बाटलेल्याचे अन्न ठरले, हे खरे. खानदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात कधीच नव्हता. 1860 नंतरच्या दशकात रेल्वे भुसावळला पोहोचली आणि रेल्वेच्या वसाहतीबरोबर पावही या मुलखात सरावाचा होत गेला. आज त्याचा डाग पार पुसला आहे, आणि ‘ब्रेड’ म्हणजे मेणकागदात येणारा कापलेला पाव एवढाच अर्थ मराठीत उरला आहे.

म्हणून मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी ‘भाकर’ हा शब्द स्वीकारला, हे मला मोठे शहाणपणाचे वाटते. ‘पाव’ घातला असता तर आमच्या लोकांच्या तोंडी प्रभूची प्रार्थना परकीच राहिली असती. शिवाय शब्द नेमका आहे. संत योहानाच्या शुभवर्तमानात त्या मुलाजवळ असलेल्या पाच भाकरी सातूच्या होत्या, गव्हाच्या नव्हत्या. सातू हे तिथल्या गरिबांचे धान्य. ती भाकर सुरीने कापत नसत, हाताने मोडत. आमच्याकडे मोडतात तशीच. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थही ‘भाकरीचे घर’ असाच आहे, आणि रूथ आपल्या सासूबरोबर तेथे आली ती सातूच्या सुगीत. 1972 च्या दुष्काळात अमेरिकेतून मिलो नावाची तांबडी ज्वारी आली. लोकांनी तिला नावे ठेवली, पण थापली तिची भाकरच.

तरी वेदीवर गहूच का, हा आजींचा प्रश्न राहतोच. प्रभूने शेवटच्या भोजनात वल्हांडणाची बेखमीर भाकर घेतली, ती गव्हाची होती असे मानून पश्चिमेकडील चर्चने ती परंपरा सांभाळली. तीत फेरफार करण्याचा अधिकार मला नाही. ‘रोजची’ या शब्दापाशी संत जेरोमही अडखळले होते. मूळ ग्रीक शब्द दोन्ही शुभवर्तमानांत एकच आहे. पण त्यांनी लूकमध्ये त्याचा अर्थ ‘रोजची’ असा केला आणि मत्तयमध्ये ‘द्रव्यापलीकडची’ असा. आजींना मी हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मग रोजचीला देवळात जागा कुठली?”

फ्रान्समधल्या धर्मग्रामांत ख्रिस्तयागानंतर आशीर्वादित भाकर वाटण्याची जुनी प्रथा होती. तिची आठवण ठेवून त्या गावात आम्ही सुगीच्या रविवारी अर्पणाबरोबर एक टोपली आणू लागलो. ती वेदीवर ठेवत नाही, खाली ठेवतो. शेवटी आशीर्वाद देऊन भाकरी मोडतो आणि वाटतो. पहिल्या वर्षी आजींनी आणली ती कळण्याची होती, आणि सोबत न विसरता मिरचीचा ठेचाही होता.