एक पोस्टकार्ड आणि एक नेमणूक

काही वर्षांपूर्वी एका संस्थेतील प्राध्यापकपदांच्या छाननी समितीवर मी शासनाचा प्रतिनिधी होतो. अर्जांचे पात्र आणि अपात्र असे दोन गठ्ठे करायचे होते. भौतिकशास्त्राच्या एका उमेदवाराचा अनुभव चार महिन्यांनी कमी भरला आणि त्याचा अर्ज दुसऱ्या गठ्ठ्यात गेला. त्याचे संशोधन कसे आहे, हे आमच्यापैकी कोणीही विचारले नाही. त्या टिपणीवर माझीही स्वाक्षरी आहे. अलीकडे क्वांटम विज्ञानातील पदांच्या जाहिराती वाचताना ती आठवते, आणि तिच्यापाठोपाठ ढाक्याची एक जुनी नेमणूक.

ढाका विद्यापीठ १ जुलै १९२१ रोजी सुरू झाले. त्याच वर्षी सत्येंद्रनाथ बोस तेथे प्रपाठक म्हणून रुजू झाले. त्यांच्याजवळ एम.एस्सी. होती, डॉक्टरेट नव्हती. जून १९२४ मध्ये त्यांनी आपला एक निबंध आइन्स्टाइन यांना पाठविला. प्रकाशाचे कण एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत, असे धरून त्यांची गणती केल्यास प्लांकचा नियम सिद्ध होतो, हे त्यात दाखविले होते. आइन्स्टाइन यांनी तो स्वतः जर्मनमध्ये अनुवादून प्रसिद्ध करविला.

बोस यांनी परदेशी अभ्यासासाठी रजा मागितली होती. आइन्स्टाइन यांचे कौतुकाचे पोस्टकार्ड कुलगुरू फिलिप हार्टोग यांना दाखविताच ती दोन वर्षांसाठी मंजूर झाली. पॅरिस आणि बर्लिन करून ते १९२६ मध्ये परतले. प्राध्यापकपदासाठी त्यांच्या अर्जासोबत आइन्स्टाइन यांची शिफारस होती. तरीही समितीची पहिली पसंती देवेंद्रमोहन बोस यांना मिळाली. त्यांनी पद स्वीकारले नाही, तेव्हा सत्येंद्रनाथांची नेमणूक झाली. १९४५ पर्यंत ते ढाक्यातच राहिले.

वाचकहो, या हकिकतीत नियम मोडून कोणीच काही केले नाही. समितीजवळ गुणवत्ता पारखण्याइतकी मोकळीक होती आणि तिने ती जपून वापरली, एवढेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी प्राध्यापकपदासाठी डॉक्टरेट आणि दहा वर्षांचा अनुभव अनिवार्य केला. त्या मापाने बोस यांचा अर्ज छाननीतच बाद झाला असता. अर्थात अशा अटी उगाच आलेल्या नाहीत. मोकळीक असते तेथे वशिलाही शिरतो, हे माझ्यासारख्या प्रशासकाने पुरेपूर पाहिले आहे.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी २०३०-३१ पर्यंत ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. या निधीतून उपकरणे येतील. ती चालविणारी माणसे मात्र निवड समित्यांनाच शोधावी लागतील. आपल्यापैकी अनेकांची मुले देशाबाहेर संशोधन करीत आहेत. त्यांतील काहींचे अर्ज येथील टेबलांवर येतील. नियम बदलेपर्यंत एक गोष्ट तरी करता येण्यासारखी आहे. अपात्रांचा गठ्ठा बांधण्यापूर्वी एखाद्या जाणकाराने तो वाचावा आणि डावललेल्या चांगल्या कामाची नोंद टिपणीत करावी. तशी नोंद झाली, तर अट शिथिल करण्याची मागणी करायला वरिष्ठांपुढे काही आधार तरी राहील. मी त्या दिवशी ती केली नाही.