बाँबे आर्ट सोसायटीची वार्षिक प्रदर्शने

मुंबईतील एक जुनी कलाप्रदर्शन-परंपरा. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचा कारभार आरंभी प्रामुख्याने यूरोपियनांच्या हाती होता. आलेल्या कलाकृतींतून परीक्षक निवड करीत, मोजक्यांना पदके देत आणि नापसंत कृती नाकारीत. महादेव विश्वनाथ धुरंधर यांना १८९५ मध्ये सुवर्णपदक मिळाले. १९३७ मध्ये तोच मान अमृता शेरगिल यांच्या ‘तीन मुली’ या चित्रास लाभला. तेव्हा परीक्षकांना नवतेचे सर्वस्वी वावडे होते, असे म्हणणे रास्त नव्हे. तथापि त्यांचा नकारच अधिक दूरगामी ठरला. एके काळी घरगडी म्हणून राबलेले कृष्णाजी हौळाजी आरा यांनी स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीवर काढलेले भव्य चित्र नाकारले गेले आणि त्या क्षोभातून फ्रान्सिस न्यूटन सोझा यांनी १९४७ मध्ये ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ उभारला, असे सांगतात. या गटाचे मुंबईतील पहिले प्रदर्शन जुलै १९४९ मध्ये मुल्कराज आनंद यांच्या हस्ते उघडले, तेही रॅम्पार्ट रो येथील सोसायटीच्याच दालनात. १९५२ मध्ये आरांच्याच ‘टू जग्ज’ या स्थिरवस्तुचित्राला सोसायटीने सुवर्णपदक दिले.